पडदा नाडी धरत नाही



मार्च २०२० मध्ये कोरोना आपल्या इस्लामपुरात शिरला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला फोनवरून उपचार करण्याचे नियम दिल्लीत निघाले आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. रस्ते बंद, दवाखान्याची भीती. त्या दिवसांत फोनवरचा डॉक्टर कामाला आला, हे मान्य.

साथ गेली, पडदा राहिला. उपकेंद्राची पाटी बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी पडदा उघडतो, दूरचा डॉक्टर चिठ्ठी लिहितो. रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची, अंगावरचा चट्टा दाखवायचा, तज्ज्ञाला विचारायचे, तर हे चांगलेच. जतच्या माणसाचा सांगलीचा ऐंशीएक किलोमीटरचा हेलपाटा आणि बुडणारा रोज वाचतो. आमचे यंत्राशी वैर नाही. संकरित बियाणे आम्ही घेतले, ठिबक घेतले.

सवाल एकच आहे. हा पडदा डॉक्टरच्या जोडीला येणार, की डॉक्टरच्या जागी?

शंका उगाच नाही. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली आणि तलाठ्याचे काम आपल्याच मोबाईलवर आले. रेंज नसली तर दोष कुणाचा? आपलाच!

शाळूच्या काढणीत घोणस चावली, तर लस शिरेतून द्यावी लागते. ती अंगावर उलटली तर सावरायला जाणता माणूस उशाशी हवा. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. फॉस्फरसवाल्या कीटकनाशकाची बाधा झाली, तर अॅट्रोपिन टोचून तासन्‌तास नाडी आणि श्वास बघत बसावे लागते. अडलेली बाळंतीण कोणत्या पडद्यावर सुटणार?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनसारखी स्वस्त गोळी गुणकारी ठरते हे दाखवले. कोकणातली कितीतरी माणसे त्याने वाचली. ही विद्या रोग्याच्या खाटेजवळ बसून मिळाली. खाटेजवळ डॉक्टरच नसेल, तर उद्याची विद्या येणार कुठून?

फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीवर १० कोटी सल्ले झाल्याचा डंका वाजला. त्यातल्या किती जणांच्या हातात चिठ्ठीतले औषध पडले, हे कोणी सांगेल का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत सरली, वचन तसेच आहे. डॉक्टरला पगार लागतो, राहायला घर लागते. पडदा स्वस्तात पडतो. खरी गोम इथे आहे.

म्हणून जत, आटपाडी, माण, खटावच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत हे ठराव करावेत:

१. पडद्यावर सल्ला मिळतो म्हणून डॉक्टरचे एकही पद रिकामे ठेवू नये.

२. पडद्यावर लिहिलेले औषध त्याच दिवशी, त्याच उपकेंद्रात, फुकट मिळावे.

३. सर्पदंशाची लस, अॅट्रोपिन आणि ते देणारा डॉक्टर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रंदिवस हजर असावा.

४. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे प्रत्येक केंद्राच्या दारावर लिहावे.

ठरावाची नक्कल जिल्हा बैठकीला घेऊन या. कागदावर पीक हिरवे दिसते, बांधावर आल्यावर करपलेले कळते. आजारी माणसाचेही तसेच आहे. त्याला पाहायला डॉक्टरने यावेच लागेल.