विश्लेषण : लेओव्हर बारा तासांचा, शहर सहाच तासांचे! सिंगापूरमध्ये आई-वडिलांना घेऊन बाहेर पडावे का?

तिकीट शोधताना मोबाइलवर दोन पर्याय दिसतात. एकात सिंगापूरला विमान बदलायला तीन तास आहेत, दुसऱ्यात बारा. बारा तासांचे तिकीट स्वस्त निघाले की घरातले कुणीतरी म्हणतेच, ‘बरेच झाले की! जाता जाता सिंगापूरही पाहून होईल.’ दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत मेलबर्न, सिडनीतल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे निघालेल्या मराठी कुटुंबांत हा संवाद नवा नाही. कल्पना चांगलीच आहे. मात्र ती सुचते तिशीतल्या माणसाला आणि तिची किंमत मोजतात सत्तरीतले आई-वडील आणि पाच वर्षांचे मूल. म्हणूनच लेओव्हर म्हणजे फुकटची सहल, हे समीकरण तिकीट काढण्यापूर्वीच तपासायला हवे.

बारा तासांतले हातात किती?

समजा, पाच जणांचे कुटुंब आहे. नवरा-बायको, एक लहान मूल आणि आजी-आजोबा. मुंबईहून रात्री निघालेले विमान चांगी विमानतळावर सकाळी साडेसातला उतरले. पुढचे विमान संध्याकाळी साडेसातला आहे. विमानातून बाहेर पडणे, स्वच्छतागृह, चहा आणि इमिग्रेशनची रांग यात नऊ वाजतात. शहराच्या मध्यभागी पोहोचेपर्यंत पावणेदहा होतात. परतताना उड्डाणाच्या तीन तास आधी, म्हणजे साडेचारला विमानतळावर असायचे, तर शहरातून पावणेचारला निघावे लागते. हाती उरले सहा तास.

यातला जाण्यायेण्याचा, रांगांचा आणि राखीव वेळ फारसा कमी होत नाही. त्यामुळे साधा हिशेब असा, की लेओव्हरच्या तासांतून सहा वजा करावेत. बारा तासांचे सहा उरतात, आठ तासांचे दोनच. दोन तासांसाठी पाच जणांनी शहर गाठणे म्हणजे नुसती धावपळ.

आणखी एक हिशेब शरीराचा असतो. सिंगापूरचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे पाच. रात्रभर खुर्चीत अवघडून बसलेल्या माणसाच्या दिवसाची ही सुरुवात असते.

व्हिसा कोणाकोणाकडे आहे?

सिंगापूरला जाण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला एरवी आधी व्हिसा घ्यावा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा असेल आणि प्रवास तिसऱ्या देशाकडे किंवा तिसऱ्या देशातून सुरू असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबण्याची सवलत आहे. त्यासाठी पुढचे निश्चित तिकीट लागते आणि व्हिसाची मुदत शिल्लक असावी लागते. तरीही प्रवेश द्यायचा की नाही, हे अखेर इमिग्रेशन अधिकारीच ठरवतो.

कुटुंबाच्या बाबतीत घोळ इथेच होतो. पासपोर्ट आणि व्हिसा प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. परदेशात जन्मलेल्या नातवाचा पासपोर्ट वेगळ्या देशाचा असू शकतो. आई-वडिलांचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असला, तर जातानाची सवलत परतताना तशीच मिळेल असे गृहीत धरता येत नाही. तिघांना दार उघडे आणि दोघांना बंद, अशी वेळ काउंटरवर येण्यापेक्षा सिंगापूरच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची अट आधीच पाहून घ्यावी. हे नियम बदलत असतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये.

इमिग्रेशन ओलांडणाऱ्या प्रत्येकाला, अगदी लहान मुलालाही, ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावे लागते. ते पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येते आणि मोफत असते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत.

बॅगा कुठे आहेत?

दोन्ही विमानांचे तिकीट एकाच बुकिंगमध्ये असेल तर मोठ्या बॅगा सहसा थेट शेवटच्या शहरापर्यंत जातात. मुंबईत चेक-इन करताना बॅगेच्या टॅगवर मेलबर्नचे नाव आहे ना, हे पाहून घ्यावे. दोन स्वतंत्र तिकिटे जोडून प्रवास केला असेल, तर मात्र सिंगापूरला बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते. चांगीवर सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे.

औषधे मात्र कायम हातातल्या पिशवीतच हवीत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ घड्याळ बदलल्यावर कशी धरायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

आजोबांच्या खिशात काय आहे?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारायला हवा. सिंगापूरमध्ये तंबाखू, गुटखा, खैनी असे तोंडात धरायचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे. सिगारेटवर करमुक्त सवलत नाही. एक पाकीट असले तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो. च्युइंगमच्या आयातीवर १९९२ पासून निर्बंध आहेत. विमान बदलण्यापुरते आत थांबलेल्या प्रवाशाला सहसा कस्टम्सला सामोरे जावे लागत नाही, शहरात जाणाऱ्याला जावे लागते. खिशातल्या एका पुडीमुळे सगळ्या घराचा दिवस वाया जाऊ शकतो.

जायचे तर कुठे?

एकाच ठिकाणी. फार तर दोन, तीही जवळजवळची. सहा तासांत मर्लायन, सेंटोसा, चायनाटाउन आणि लिटिल इंडिया अशी यादी करणारे घरी फोटो घेऊन येतात, पण आजीला त्यातले फक्त पायऱ्या आणि ऊन आठवते. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे. वर्षभर उकाडा असतो आणि दिवाळी ते नाताळच्या सुमारास पावसाच्या सरीही जोरात येतात.

म्हणून छप्पर, बाक आणि स्वच्छतागृह जवळ असलेली जागा निवडावी. २०१२ मध्ये खुले झालेले ‘गार्डन्स बाय द बे’ त्यासाठी सोयीचे आहे. पंचवीस ते पन्नास मीटर उंचीचे ‘सुपरट्री’ खालून पाहायला पैसे पडत नाहीत. तिकीट असलेली दोन काचघरे वातानुकूलित आहेत, त्यामुळे दुपारचे दोन तास तिथे निवांत जातात. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांसाठी लिटिल इंडियातला सेरांगून रोड हा दुसरा पर्याय. दीपावलीची रोषणाई, देवळे, हाराफुलांची दुकाने आणि गरम डोसा हे सगळे एकाच रस्त्यावर मिळते. ‘इथेही आपली दिवाळी आहे’ हे पाहून आजीच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही उंच इमारतीवरून दिसत नाही.

मेट्रो स्वस्त आहे, स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड चालते. मात्र प्रत्येक प्रवाशाला वेगळे कार्ड लागते. पाच जण नेहमीच्या टॅक्सीत मावत नाहीत, मोठी गाडी बोलवावी लागते. स्वस्त तिकिटातून वाचलेल्या पैशांतून हा खर्च वजा केल्याशिवाय खरी बचत कळत नाही.

स्वतः आखणी करायची नसेल तर चांगीवरून प्रवाशांसाठी सुमारे अडीच तासांची मोफत शहर फेरी असते. साडेपाच तासांहून जास्त आणि चोवीस तासांहून कमी लेओव्हर असलेल्यांना त्यासाठी नाव नोंदवता येते. प्रवेशाच्या व्हिसाची अट तिलाही लागू आहे.

आणि ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते’चे काय?

लेओव्हरमध्ये सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य हेच असावे. ते ऐकून मंडळी निघूनही जातात. पण त्याचा अर्थ दर वेळी ‘मला यायचे नाही’ असा नसतो. बऱ्याचदा तो ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको’ असा असतो. ज्या आईने मुलांना परदेशी पाठवताना स्वतः कधी पासपोर्टही काढला नव्हता, तिला अनोळखी देशात खुर्चीवर बसवून ठेवणे आणि तिला उन्हात सात ठिकाणी फिरवणे, या दोन्ही चुकाच आहेत.

उपाय सोपा आहे. दिवसाचा वेग घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा. व्हीलचेअरची मदत विमानतळापुरती असते, शहरात ती सोबत येत नाही. परतल्यावर ती पुन्हा मागावी लागते, म्हणून तेवढा वेळ आणखी धरावा.

आणि थकवा खरोखरच जास्त असेल तर बाहेर न पडणे हा पराभव नव्हे. चांगीच्या आत फुलपाखरांची बाग आहे, मोफत चित्रपटगृह आहे, तासांवर खोली देणारी ट्रान्झिट हॉटेले आहेत. चाळीस मीटर उंचीचा घरातला धबधबा असलेले ‘ज्वेल’ मात्र इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळते. प्रवेशाची परवानगी असेल तर ‘ज्वेल’मध्ये दोन तास घालवून परत यावे. टॅक्सी, ऊन, घाई काहीच नाही.

विमान चुकले तर?

विमान कंपनीच्या उशिरामुळे एकाच बुकिंगमधले पुढचे विमान चुकले, तर पर्यायी व्यवस्था करणे ही कंपनीची जबाबदारी असते. शहरात फिरताना उशीर झाला, तर ती जबाबदारी प्रवाशाची. अशा वेळी तिकिटाचा उरलेला भाग, अगदी परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो आणि प्रवास विमाही सहसा मदतीला येत नाही. चांगीवर पहिल्या तीन टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणी गेटवरच होते. म्हणजे इमिग्रेशन झाले की सगळे झाले, असे नाही. राखलेले तीन तास कंजूषपणे वापरू नयेत.

थोडक्यात, लांब लेओव्हर ही संधी आहे, पण ती तिकीट काढतानाच ठरवून घ्यायची असते, विमानतळावर पोहोचून नव्हे. प्रत्येकाचा व्हिसा पाहा, सहा तास वजा करा, एक ठिकाण निवडा आणि ‘बुक’वर बोट ठेवण्यापूर्वी ज्यांच्या गुडघ्यांवर हा दिवस निभावायचा आहे, त्यांना एकदा विचारा. त्यांनी ‘नको’ म्हटले, तर तीन तासांचे महाग तिकीटच स्वस्त आहे.