समुद्र तापतो, हिरडा पडतो

चक्रीवादळ हा फक्त किनाऱ्याचा प्रश्न नाही, हे जुन्नर-आंबेगावने 2020 मध्येच अनुभवले. सरकारी निकष मात्र अजून घाटाखालीच अडकले आहेत.

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष अलिबाग-श्रीवर्धनकडे होते. वादळाने मात्र घाट ओलांडला आणि संध्याकाळपर्यंत पुणे जिल्ह्याला झोडपून काढले. घरांचे पत्रे उडाले, शेडनेट फाटली, विजेचे खांब आडवे झाले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात फटका बसला तो हिरड्याला. उन्हाळ्यात बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळे) गोळा करायचा, वाळवून विकायचा आणि त्या पैशांवर पावसाळ्याची बेगमी करायची, हा तिथल्या आदिवासी कुटुंबांचा वर्षाचा हिशेब. तो एका दुपारीत कोलमडला. पिकांसाठी आखलेल्या निकषांत हिरडा बसेना. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. भरपाईचा निर्णय मंत्रिमंडळात होण्यासाठी 2024 उजाडावे लागले.

या नुकसानीची सुरुवात जंगलात नव्हे, समुद्रात होते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर असेल आणि ती ऊब कित्येक मीटर खोलवर मुरलेली असेल, तर चक्रीवादळाला इंधन मिळते. पाण्याची वाफ होते, वर जाऊन तिचे ढग बनताना उष्णता मोकळी होते, हवा आणखी वेगाने वर उठते आणि खालचा दाब घसरतो. ‘निसर्ग’च्या आधी अरबी समुद्र तीस अंशांच्या वर तापला होता. 1 जूनचे कमी दाबाचे क्षेत्र 3 जूनच्या सकाळपर्यंत तीव्र चक्रीवादळ झाले होते.

लाटांचे गणितही याच वाऱ्यावर चालते. वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांब पाण्यावरून वाहिला, यावर लाटेची उंची ठरते. एरवी वादळ स्वतःच समुद्र घुसळून तळचे गार पाणी वर आणते आणि आपलाच जोर थोडा कमी करून घेते. पण कोमट पाण्याचा थर जाड असेल तर वर येणारे पाणीही उबदारच असते आणि हा लगाम सुटतो. 2013 मध्ये फिलिपिन्सवर सहा हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या ‘हैयान’ टायफूनच्या वाटेत असेच खोलवर तापलेले पाणी होते. आणि लाटा काय करू शकतात, तेही आपण पाहिले: 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईसमोरून गेले, तेव्हा खवळलेल्या समुद्रात पी-305 हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगारांचे प्राण गेले.

नुसता समुद्र तापला म्हणून वादळ होतेच असे नाही. हवेच्या वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांत मोठी तफावत असली, तर वादळाचा डोलारा उभाच राहत नाही. भर पावसाळ्यात आपल्याकडे चक्रीवादळे क्वचित होतात ती यामुळेच. पण मान्सूनच्या आगेमागे ही आडकाठी कमी होते. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे 52 टक्क्यांनी वाढली. त्यांतली सगळी महाराष्ट्राकडे वळत नाहीत. अनेक गुजरात किंवा ओमानकडे जातात. पण एकच वळले तर काय होते, ते आपण पाहिले आहे.

मग तयारी किनारपट्टीच्या जिल्ह्यांपुरतीच का? हवामान खात्याचा इशारा समुद्रात मच्छीमारांपर्यंत पोहोचतो. तोच वाऱ्याचा इशारा नारायणगाव-मंचरच्या शेतकऱ्याला गावनिहाय आणि त्याला कळेल अशा शब्दांत मिळायला हवा. दोन दिवस आधी कळले, तर कांद्याच्या बराखीवरची ताडपत्री बांधता येते, शेडनेटचे कापड उतरवता येते, वाळवायला घातलेला हिरडा घरात घेता येतो. घाटमाथ्यावरच्या तालुक्यांच्या आपत्ती आराखड्यात चक्रीवादळाचे स्वतंत्र प्रकरण असले पाहिजे. आणि हिरड्यासारखी वनोपजे ‘विशेष बाब’ म्हणून दरवेळी मंत्रालयात नेण्याऐवजी भरपाईच्या कायम निकषांत आली पाहिजेत. झाडाचे वय, सरासरी उत्पन्न, पंचनाम्याची मुदत हे सारे आधीच ठरवता येते. त्यासाठी वादळाची वाट पाहावी लागत नाही.

जागतिक तापमानवाढ रोखणे महाराष्ट्राच्या एकट्याच्या हाती नाही. चार वर्षे रखडलेली भरपाई मात्र पूर्णपणे त्याच्याच हाती होती. समुद्राच्या तापण्याला आपण एकटे जबाबदार नसू. वादळानंतरच्या दिरंगाईला मात्र कोणतेही हवामान जबाबदार नाही.