कुत्रा नव्हे हो, खार!

काही प्राणी नावातच फसतात. प्रेअरी डॉग त्यातलाच. नावात कुत्रा, अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांच्या लेखी घूस, आणि यूट्यूबवर 'सो क्यूट'! खरं तर ही जमिनीत राहणारी खार. १८०४ साली लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेला हा प्राणी भेटला, तेव्हा लुईसने त्याला 'भुंकणारी खार' म्हटलं होतं. तेच नाव राहिलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

याला उपद्रवी ठरवण्याआधी त्याचं शरीर तरी नीट बघा. एकूण जाती पाच. आपण काळ्या शेपटीची घेऊ. शेपटीसकट लांबी साधारण सव्वा फूट, वजन किलोच्या आसपास. रंग वाळक्या गवताचा, शेपटीचं टोक काळं. पाय आखूड, पण नख्या लांब आणि दणकट. कान इतके छोटे की आहेत की नाहीत असं वाटावं. डोळे मात्र डोक्यावर उंच, दोन बाजूंना. बिळातून डोकं जरासं वर काढलं की आकाशातला ससाणा आणि जमिनीवरचा कायोटी, दोन्ही दिसतात. (असं डिझाइन करणारा आमच्या टीममध्ये हवा होता!)

पण हे डोळे कामाचे कधी? समोरचं गवत बुटकं असेल तर. म्हणून हे महाशय उंच गवत, खायचं नसलं तरी, कापून टाकतात. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे झिजायची चिंता नाही. आणि इथेच भांडण सुरू होतं. आमच्या गाईंचा चारा गेला, ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्यावर विसाव्या शतकात सरकारी खर्चाने जे विष पेरलं गेलं, ते अतीच झालं. याला खाऊन याच्याच बिळात राहणारा काळ्या पायांचा फेरेट विष, नांगर आणि रोगराईपायी संपतच आला होता. १९८७ साली जगात उरले फक्त १८.

डेन्व्हर-बोल्डरकडच्या आपल्या मंडळींनी रिकाम्या प्लॉटवर हे ताठ उभे राहिलेले पाहिले असतील. बांधकाम आलं की बिळात विषारी गॅस सोडणं हा सोपा मार्ग. दुसरा मार्गही आहे, पकडून दुसरीकडे नेऊन सोडायचा. पण नख्या कितीही दणकट असल्या तरी नव्या जागी पहिल्या दिवशी लपायला बीळ लागतंच, ते आधी माणसांनी खणून द्यावं लागतं. खर्च येतो. तो बिल्डरने द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.