पोलादाची कड

१/३ १९६९ साली सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि स्विस यांत्रिक घड्याळांचे आसन डळमळू लागले.

२/३ अशा काळात, १९७२ मध्ये, ओदेमार पिगे कंपनीने जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले ‘रॉयल ओक’ सादर केले : ३९ मिलिमीटरचे, अष्टकोनी, ८ स्क्रू उघडे ठेवलेले. धातू साधे पोलाद; किंमत सोन्याच्या अनेक घड्याळांहून अधिक! ती किंमत हातकामाची होती : मंद रेघांची पृष्ठे आणि त्यांना छेदणाऱ्या चकचकीत कडा.

३/३ म्हणूनच जुने ‘रॉयल ओक’ पॉलिश करून नवे भासवणे मला इतिहासाशी प्रतारणा वाटते. प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद झिजते, कडा बोथट होतात; मूळ कारागिराची खूण पुसली जाते. मित्रहो, ओरखडे राहू द्यावेत. ते त्या घड्याळाच्या आयुष्याचे दस्तऐवज आहेत.