मोबाइलवरचा धीर आणि संस्थाचालकांची सुटका

विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी अचानक उमाळा आलेल्या संस्थाचालकांची संख्या अलीकडे वाढली आहे. सूचनाफलकावर एखाद्या ॲपचे नाव चिकटवले, विद्यार्थ्यांना त्याचे वर्षभराचे सभासदत्व मिळवून दिले, की चिंता आणि नैराश्य यांच्याबाबतचे आपले कर्तव्य संपले, अशी त्यांची समजूत दिसते. ही समजूत सोयीची आहे. म्हणूनच ती घातक आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत पुरोगामी म्हणवणारा महाराष्ट्र सर्वांत वर होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने तर विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचे दाखवून दिले होते.

अशा स्थितीत दूरस्थ उपचारांचा सरसकट धिक्कार करणे हा करंटेपणा ठरेल. सौम्य व मध्यम स्वरूपाच्या नैराश्यावर आणि चिंतेवर ते गुणकारी ठरतात, हे संशोधनाने सिद्ध केले आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली, १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळणारी शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ही स्वागतार्हच गोष्ट होय. परंतु तेच संशोधन हेही सांगते की, पाठीशी प्रशिक्षित माणूस असेल तेव्हा गुण अधिक येतो आणि नुसत्या यंत्राच्या हवाली केलेले अनेकजण उपचार मध्येच सोडून देतात. संस्थाचालकांना नेमका हा माणूसच नको आहे, कारण माणसाला पगार द्यावा लागतो.

शिवाय वसतिगृहाच्या एका खोलीत चौघे राहणाऱ्या मुलीने आपले दुःख फोनवर कुठे बसून सांगायचे? आणि सांगितलेच, तर ते कुणाच्या पदरी पडणार? ‘बेटरहेल्प’ या अमेरिकन कंपनीने गुप्ततेची हमी देऊन गोळा केलेली ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. बाजारात दुःखही कच्चा माल ठरते, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

पण खरा अपराध याहून खोल आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, शुल्क वाढतच जाते, जातीवरून होणारा अपमान मुकाट्याने गिळावा लागतो आणि पदवीनंतर नोकरीची शाश्वती नाही. या साऱ्याला ‘तुमचा ताण’ असे नाव देऊन ॲप विद्यार्थ्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगते. व्यवस्थेने लादलेले ओझे व्यक्तीचा दुबळेपणा ठरते. खचत चाललेला विद्यार्थी सर्वांत आधी ज्याच्या ध्यानात यायचा, तो प्राध्यापकच आज तासिका तत्त्वावर या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावतो आहे. त्याला विद्यार्थ्यांची नावे तरी कशी ठाऊक असावीत?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असणे बंधनकारक आहे. मात्र तो ‘नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी’, अशी मुभा त्यात आहे. या फटीतून ॲपवाल्यांचे कंत्राट आत शिरले, तर न्यायालयाचा हेतूच निष्फळ ठरेल.

विद्यार्थी संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी म्हणूनच प्रत्येक प्राचार्यापुढे साधे प्रश्न ठेवावेत: समुपदेशकाचे नाव काय? तो कोणत्या खोलीत, किती वाजता भेटतो? त्याला पूर्ण पगार मिळतो काय? शिक्षण खात्याकडे अनुदानित पदांची मागणी लावून धरावी आणि थकलेल्या शिष्यवृत्तीचा हिशेबही त्याच निवेदनात मागावा. दूरध्वनीवरची सेवा या माणसाच्या मदतीला जरूर असावी. त्याच्या जागी ती कदापि मान्य होता कामा नये.