दिवसाला ५० वेळाच बॅलन्स का? यूपीआयच्या नियमांमागचं डेटाबेसचं गणित

दिवसातून किती वेळा तुम्ही यूपीआय ॲपमध्ये बॅलन्स बघता? मी एकदा सहज मोजलं. चहाचे पैसे देण्याआधी एकदा, दिल्यावर एकदा, पगार जमा झाला का म्हणून तीनदा आणि मग काहीच कारण नसताना दोनदा. महिनाअखेर होती, बघून शिल्लक वाढणार नव्हती. तरी आकडा सातवर गेला.

१ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून २४ तासांत जास्तीत जास्त ५० वेळा बॅलन्स बघता येतो. ही बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर दोनच प्रतिक्रिया होत्या. एक, "५० वेळा बघतंय कोण?" आणि दुसरी, "पैसे आमचे, आम्ही कितीही वेळा बघू." दोन्ही बोलणी रास्तच. पण खरी गोष्ट या ५०च्या आकड्यात नाहीच. त्याच दिवशी लागू झालेल्या बाकीच्या नियमांकडे बघितलं, तर लक्षात येतं की त्यांचा रोख तुमच्या-माझ्यापेक्षा आपल्या नकळत प्रश्न विचारत बसणाऱ्या मशीन्सवर जास्त आहे.

एप्रिलमध्ये नेमकं झालं काय?

२६ मार्च २०२५, मग २ एप्रिल आणि मग शनिवार, १२ एप्रिल. अडीच-तीन आठवड्यांत यूपीआय तीनदा अडखळलं. १२ एप्रिलला तर भर दुपारी कित्येक तास पेमेंट अडकत होती. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं नंतर त्या दिवसाचं कारण सांगितलं, ते वाचून मी चकित झालो. काही बँकांच्या सिस्टिम्स 'या व्यवहाराचं काय झालं?' असं विचारणाऱ्या रिक्वेस्टचा अक्षरशः पूर पाठवत होत्या. त्यातल्या काही तर जुन्या व्यवहारांबद्दल, पुन्हा पुन्हा.

म्हणजे पैसे पाठवणाऱ्यांच्या गर्दीनं नाही, तर 'पैसे गेले का?' विचारणाऱ्यांच्या गर्दीनं रस्ता तुंबला.

खिडकी एक, रांग मोठी

हे समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या फोनमध्ये पैसे नसतात, हिशोबही नसतो. फोन फक्त विचारतो. त्याला म्हणायचं क्लायंट. उत्तर देणारा तो सर्व्हर, आणि सर्व्हर ज्या वहीत बघून उत्तर देतो ती वही म्हणजे डेटाबेस. तुम्ही बॅलन्सचं बटण दाबलं की प्रश्न ॲपच्या सर्व्हरकडे जातो, तिथून एनपीसीआयकडे, तिथून तुमच्या बँकेच्या डेटाबेसकडे. उत्तर त्याच वाटेनं परत. पेमेंट असेल तर समोरच्याची बँकही मध्ये येते आणि फेऱ्या आणखी वाढतात.

डेटाबेस एका वेळी ठरावीक संख्येच्याच कनेक्शन्सना उत्तर देऊ शकतो. एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडकीसारखंच. समजा, खिडक्या पाच आहेत आणि चौकशीची वेगळी खिडकी नाही. एकच माणूस दर दोन मिनिटांनी रांगेत येऊन "गाडी लागली का?" विचारतोय. त्याच्यामागे सुट्टे पैसे हातात धरून उभी असलेली बाई तिकीट न मिळता तशीच उभी. त्या माणसाचा प्रश्न चुकीचा नाही, फुकटही आहे. पण खिडकीचा वेळ फुकट नाही.

मी स्वतः हीच चूक केली होती

हे मला पुस्तकातून नाही, फजितीतून कळलं. कॉलेजात असताना मी ओळखीच्या एका क्लाससाठी फी नोंदवायचं छोटं सॉफ्टवेअर बनवलं होतं. ३०० विद्यार्थी. माझ्या लॅपटॉपवर यादी क्षणात उघडायची. मी खूश. मग डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर टाकला आणि क्लासच्या ऑफिसमधून तेच पान उघडलं, तर सहा-सात सेकंद नुसतं गोल गोल फिरतंय. तिथल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तोवर मी वहीत बघून सांगते."

मला वाटलं सर्व्हर स्वस्तातला आहे, म्हणून हळू. जास्त पैसे देऊन मोठा घेतला. फरक शून्य. शेवटी बघितलं, तर माझा प्रोग्राम आधी विद्यार्थ्यांची यादी मागत होता आणि मग प्रत्येकाची फी वेगळी विचारत होता. एकूण ३०१ प्रश्न. लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच, त्यामुळे कळलं नाही. पण नेटवर्कवरून एका प्रश्नाची फेरी २० मिलिसेकंदांची धरली, तरी ३०१ फेऱ्यांचे सहा सेकंद होतात. डेटाबेस थकला नव्हता, वाट मोठी होती. 'सगळ्यांची नावं आणि फी एकदमच दे' अशी एकच क्वेरी लिहिली आणि पान पटकन उघडायला लागलं.

दुसरी सुधारणा इंडेक्सची. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तसा डेटाबेसमध्ये इंडेक्स असतो. तो नसेल तर एक नोंद शोधायला सगळी पानं चाळावी लागतात. तोही मी लावला नव्हता. पण इंडेक्सनं एका प्रश्नाचं उत्तर लवकर मिळतं, नको असलेले ३०० प्रश्न कमी होत नाहीत. डेटाबेस वेगवान करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याला कमी प्रश्न विचारणं.

आता नियम पुन्हा वाचा

या नजरेनं बघितलं की २०२५ मधले यूपीआयचे बदल सोपे वाटायला लागतात.

पहिला, थांबून विचारा. व्यवहाराची स्थिती आता ९० सेकंद थांबल्यावरच विचारायची, तीही दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. उत्तर आलं नाही की लगेच पुन्हा विचारणं हा सर्व्हरचा जुना शत्रू. सर्व्हर हळू झाला की सगळे पुन्हा विचारतात, त्यामुळे तो आणखी हळू होतो, मग सगळे आणखी विचारतात. आजारी माणसाच्या दारात भेटायला येणाऱ्यांनीच गर्दी करावी, तसं.

दुसरा, न विचारता सांगा. पेमेंट यशस्वी झालं की बँकेनं उरलेली शिल्लक त्याच निरोपासोबत कळवायची. जे उत्तर पुढच्या क्षणी मागितलं जाणारच आहे, ते आधीच पाठवलं की एक अख्खी फेरी वाचते. माझ्या सातपैकी निदान एक प्रश्न तरी यातून गळला असता.

तिसरा, गर्दीची वेळ टाळा. ओटीटीचं सबस्क्रिप्शन, हप्ते, एसआयपी असे ऑटोपेचे व्यवहार सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९:३० या वेळांच्या बाहेर करायचे. भाजीवाल्याचे पैसे संध्याकाळी सातलाच द्यावे लागतात. सबस्क्रिप्शनचा हप्ता पहाटे गेला तर कुणाचं काही अडत नाही.

चौथा, ग्राहकानं न मागता ॲप स्वतःहून जे प्रश्न विचारतं, त्यांना गर्दीच्या वेळी लगाम. बॅलन्सची ५० ची आणि मोबाइल नंबरला जोडलेली खाती बघण्याची २५ वेळांची मर्यादा याच पठडीतली.

पाचवा बदल जूनमध्येच आला होता आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. व्यवहाराची स्थिती विचारल्यावर उत्तराची वाट बघण्याची मुदत ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणली. याचं गणित बघा. उदाहरणासाठी समजा, सेकंदाला १,००० प्रश्न येतायत आणि समोरची बँक गप्प आहे. प्रत्येक प्रश्न ३० सेकंद अडून राहिला, तर एका वेळी ३०,००० प्रश्न कनेक्शन धरून बसतात. १० सेकंदांत सोडून दिलं, तर १०,०००. एकही नवा सर्व्हर न घेता अडलेल्यांची गर्दी एक तृतीयांशावर. 'नाही' हे उत्तर लवकर मिळणं हीसुद्धा सेवाच असते.

मोठे सर्व्हर का नाही घेत?

घेतातच. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. दिवसरात्र धरून सरासरी काढली, तरी सेकंदाला सुमारे साडेसात हजार. संध्याकाळी हा वेग सरासरीच्या वरच असणार. एवढ्या आकाराला मोठी यंत्रणा लागतेच. पण प्रश्न विचारणारी मशीन थकत नाही, तिला कंटाळाही येत नाही. तुम्ही खिडक्या दुप्पट करा, ती प्रश्न चौपट करेल.

"मग उत्तर जवळच साठवून ठेवा की," असंही कुणी म्हणेल. याला कॅशिंग म्हणतात आणि ते सगळीकडे चालतं. रीलचे लाइक्स दोन मिनिटं जुने दिसले तर कुणाचं बिघडत नाही. पण बॅलन्स दोन मिनिटं जुना दाखवला आणि मधल्या काळात हप्ता कापला गेला असेल, तर? पैशांच्या बाबतीत मूळ वहीतच बघावं लागतं. म्हणून तिथला प्रत्येक प्रश्न महाग.

हाच रोग तत्काळ तिकिटांनाही आहे. रेल्वेनं जून २०२५ मध्ये सांगितलं होतं की, बुकिंग उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांत बॉट्सचा वाटा निम्म्यापर्यंत जातो. तिथे औषध वेगळं: संशयास्पद खाती बंद करणं, आधारची अट. तत्त्व मात्र तेच, नको ती गर्दी डेटाबेसपर्यंत पोचूच द्यायची नाही.

मला खटकलेलं

नियम योग्य आहेत, असंच माझं मत. नियम न पाळणाऱ्या बँकांवर दंडापासून नवे ग्राहक जोडण्याच्या बंदीपर्यंत कारवाई होऊ शकते, हेही बरं. पण बातम्यांत गाजली ती ग्राहकाची ५० ची मर्यादा. जणू आपणच बॅलन्स बघून बघून यूपीआय बंद पाडलं! १२ एप्रिलचा पूर सर्व्हरांनी सर्व्हरांना पाठवला होता. त्याचा फटका मात्र बसला तो खिशात नोटा नसलेल्या माणसाला. औषधाच्या दुकानात 'पेमेंट पेंडिंग' दिसत असताना पुन्हा पैसे पाठवायचे की थांबायचं, हे त्यालाच ठरवायचं होतं. म्हणून यंत्रणा बंद पडली की तिचं कारण, आणि अडकलेल्या पैशांचं काय होणार, हे साध्या मराठीत त्याच दिवशी कळायला हवं. कारण माणसाला काही कळलं नाही की तो काय करतो? पुन्हा पुन्हा विचारतो.

आपल्या हातात एवढंच आहे: पेमेंट पेंडिंग दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, निदान दीड-दोन मिनिटं थांबा. पैसे दिल्यावर आलेल्या निरोपात शिल्लक असेल, तर तीच बघा. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या ॲप बनवणार असेल, तर ते घरच्या वायफायवर नाही, गावाकडच्या एका दांडीच्या नेटवर्कवर चालवून बघा. तिथे ३०१ प्रश्न लपत नाहीत.

मी आता दिवसाला दोनदाच बॅलन्स बघतो. महिनाअखेरीला तीनदा.