जुनी नळी, फाटका कागद : बांधावरच्या प्लास्टिकचे पुढे काय?

सोलापूर जिल्हा हा अवर्षणाचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही लहरी. अशा भूमीत सांगोल्याचे डाळिंब, पंढरपूर व बार्शी भागातील द्राक्षे आणि करमाळ्याकडील केळी उभी राहिली, याचे श्रेय शेतकऱ्याच्या कष्टाला जितके आहे तितकेच ठिबकच्या नळीलाही आहे. तिच्या मागोमाग शेततळ्याचा कागद आला, मल्चिंगचा कागद आला, बागेवर अंथरावयाची आच्छादने आली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेने व २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने या साधनांचा प्रसार गावोगावी झाला. पाण्याच्या थेंबाचे मोल ज्या जिल्ह्याला कळले त्या जिल्ह्याने प्लास्टिकचा स्वीकार केला, यात गैर काहीच नाही.

परंतु प्रत्येक साधनाला आयुष्य असते. उन्हाने नळी तडकते, तोट्या क्षाराने बुजतात, उंदीर व खारी नळी कुरतडतात. तेल्या रोगाने आणि पुढे पिन होल बोररच्या उपद्रवाने सांगोला भागातील कित्येक डाळिंबाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. झाडे सरपणाला गेली, पण त्यांच्या बुडाशी अंथरलेल्या नळ्या कोठे गेल्या? बांधावरून फिरणाऱ्या कोणालाही याचे उत्तर दिसते. काही नळ्यांची वेटोळी बाभळीखाली पडलेली आहेत, काही ओढ्यात वाहून गेली आहेत, आणि काही उसाच्या पाचटाबरोबर पेटवून दिली गेली आहेत. मल्चिंगच्या कागदाची स्थिती याहून वाईट आहे. त्याच्या चिंध्या नांगराबरोबर मातीत मिसळतात आणि वाऱ्याने उडून गोठ्यापर्यंत येतात.

या पडीक मालाला आपण कचरा म्हणतो. माझे म्हणणे असे की तो कचरा नसून कच्चा माल आहे. मात्र तो कच्चा माल ठरण्यासाठी तीन अटी आहेत. तो वेगळा असला पाहिजे, स्वच्छ असला पाहिजे आणि एके ठिकाणी पुरेसा असला पाहिजे. या तीन अटी पुऱ्या करण्याचा सारा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही, हे या लेखाचे दुसरे म्हणणे आहे.

प्रथम मालाचा हिशेब पाहू. १६ मिलिमीटर व्यासाची व एक मिलिमीटर जाडीच्या भिंतीची नळी मीटरला सुमारे ४३ ग्रॅम भरते. डाळिंबाच्या दोन ओळींत साडेचार मीटर अंतर आणि प्रत्येक ओळीला दोन नळ्या धरल्या, तर एकरी सुमारे १,८०० मीटर नळी लागते. म्हणजे एका एकरात पाऊण क्विंटलहून थोडे अधिक प्लास्टिक अंथरलेले असते. आता टरबुजाचा किंवा मिरचीचा प्लॉट घ्या. दीड मीटरवर गादीवाफे आणि १.२ मीटर रुंदीचा, २५ मायक्रॉन जाडीचा कागद असेल, तर एकरी ७५ किलोच्या आसपास कागद लागतो. वजन जवळजवळ तेवढेच. भेद इतकाच, की नळी नीट राखली तर अनेक हंगाम टिकते. कागद मात्र एका-दोन पिकांत संपतो. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या कागदाचे म्हणाल, तर हजार चौरस मीटर कागद साडेचार क्विंटलहून अधिक भरतो. एका गावाचा हिशेब जरी या रीतीने मांडला, तरी हा माल किती मोठा आहे हे ध्यानी येईल.

हा माल कारखान्यात गेल्यावर काय होते? तो निवडला जातो, त्याचे तुकडे केले जातात, ते धुऊन वाळविले जातात, मग तापवून वितळविले जातात आणि जाळीतून गाळून त्याचा दाणा पाडला जातो. या दाण्यापासून पुन्हा नळ्या, दोर, क्रेट, बादल्या अशा वस्तू तयार होतात. ही कृती सोपी वाटते, पण तिचा सारा भरवसा मालाच्या एकजिनसीपणावर आहे. ठिबकची नळी पॉलिथिनची असते. जमिनीत गाडलेला मुख्य पाइप बहुधा पीव्हीसीचा असतो. हे दोन्ही एकाच ढिगात गेले, तर पॉलिथिनसाठी ठेवलेल्या आचेवर पीव्हीसी करपते, त्यातून आम्लाचा वायू सुटतो, यंत्र गंजते आणि सारा घाणा बिघडतो. म्हणून मिसळलेल्या मालाला भाव पडतो, आणि तो रास्तच पडतो.

या दोहोंतील फरक ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. पाइपाचा लहानसा तुकडा बादलीतील पाण्यात बुडवून, आतील हवा काढून सोडून द्यावा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येते. पीव्हीसी पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते. एवढी एक परीक्षा जरी प्रत्येक वस्तीवर होऊ लागली, तरी मालाची प्रत पुष्कळ सुधारेल.

आता या धंद्याला आज जोर कशामुळे आला आहे ते पाहू. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले, आणि त्यांनी ही जबाबदारी शहरांप्रमाणेच ग्रामपंचायतींवरही टाकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जो कारखानदार प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकतो, त्याने तितक्या वेष्टनाच्या संकलनाची व पुनर्प्रक्रियेची तजवीज करावी, असा त्यांचा आशय आहे. एवढेच नव्हे, तर घट्ट वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के व पुढे वाढवत २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरावे, असेही त्या वेळी ठरवून देण्यात आले. लवचिक वेष्टनांसाठी हेच प्रमाण १० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत ठेवले आहे. जुन्या प्लास्टिकच्या दाण्याला कायद्याने गिऱ्हाईक मिळवून दिले, असा याचा अर्थ आहे.

परंतु येथेच मुख्य अडचण आहे. हे सारे नियम वेष्टनापुरते आहेत. खताची गोणी, बियाण्याची पिशवी, औषधाची बाटली ही वेष्टने होत. त्यांच्यामागे कोणीतरी जबाबदार कारखानदार उभा आहे. ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद आणि शेततळ्याचा कागद ही वेष्टने नव्हेत, साधने आहेत. म्हणून त्यांच्या अखेरीची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही, अनुदान देणाऱ्यावर नाही. ती ज्याच्या बांधावर पडली त्याच्यावर आहे. धंद्याला जोर देणारे वारे शेताच्या कुंपणापाशी येऊन थांबले आहे.

दुसरी अडचण भावाची. नवे प्लास्टिक खनिज तेल व वायूपासून बनते. तेल उतरले की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्या दाण्याला कोणी विचारीत नाही. २०२० साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा जगभरच्या पुनर्प्रक्रियेच्या धंद्याला हा अनुभव आला. भंगारवाल्याचा आजचा दर उद्या का टिकत नाही, याचे एक कारण येथे सापडते. तिसरी अडचण विश्वासाची. पुनर्प्रक्रियेच्या नोंदीसाठी प्रमाणपत्रांची पद्धत सुरू झाली. परंतु २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे खोटी आढळली, आणि ती देणाऱ्या कारखान्यांत महाराष्ट्रातीलही होते. कागदावरच माल गाळला जाऊ लागला, तर खरा माल गोळा करणाऱ्यास भाव कोठून मिळणार?

चौथी अडचण मातीची. नळी झटकली व धुतली की स्वच्छ होते. मल्चिंगच्या कागदाचे तसे नाही. शेतातून काढलेल्या कागदाला कित्येकदा त्याच्या वजनाइतकी माती, मुळ्या व ओल चिकटलेली असते. एवढी माती वाहून नेण्यास भाडे कोण देणार, आणि ती धुण्यास पाणी कोणते वापरणार? आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. कागद गोळा करण्यास जी मजुरी लागते ती भंगाराच्या पैशांतून निघत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. ती नाकारून उपदेश करण्यात अर्थ नाही.

तथापि न काढलेल्या कागदाचीही किंमत पडते. ती फक्त उशिरा कळते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात कापसाखाली वर्षानुवर्षे अत्यंत पातळ कागद अंथरला गेला. तो उचलताना फाटे आणि मातीतच राही. त्यामुळे जमिनीत तुकड्यांचे थर साठले, मुळांना व पाण्याला अडथळा होऊ लागला. अखेर २०१७ साली तेथील शासनाने कागदाची किमान जाडी आठ मायक्रॉनवरून दहावर नेली, ती केवळ कागद उचलता यावा म्हणून. आपण जाड कागद वापरतो हे आपले भाग्य. स्वस्ताईच्या मोहाने पातळ कागदाकडे वळू नये, हा यातील धडा आहे.

याउलट उदाहरण आयर्लंडचे. तेथे १९९७ पासून शेतीचा कागद विकणाऱ्या कंपन्यांनी मिळून संकलनाची संस्था चालविली आहे. फ्रान्सनेही २००१ पासून अशीच व्यवस्था उभारली आहे. शेतकरी माल गोळा करून, वेगळा करून केंद्रावर आणतो. विकणारे त्याच्या खर्चात वाटा उचलतात. तेथील शेतकरी आपल्यापेक्षा अधिक शिस्तीचा आहे म्हणून हे झाले असे नव्हे. आणलेला माल घेणारा कोणीतरी ठरलेला आहे, म्हणून झाले.

आपल्याकडे अशी व्यवस्था उभारण्यास नवे काही शोधावे लागेल असे नाही. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र असावे अशी तरतूद आहे. तेथे पिशव्या व बाटल्यांबरोबर नळी आणि कागदही वेगळा स्वीकारला जावा. राज्यात सर्वांत अधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि प्रत्येक कारखान्याची गट कार्यालये गावोगाव पसरलेली आहेत. उसाची तोड संपल्यावर, उन्हाळ्यात, याच कार्यालयांच्या आवारात दोन दिवस जुन्या नळ्या जमा करण्याचे ठरविले, तर एका गटातून ट्रक भरेल इतका माल मिळू शकेल. ट्रकभर माल असला की कारखानदार स्वतः येतो. पोतेभर असला की भंगारवाला म्हणेल तो भाव घ्यावा लागतो.

शासनाकडे आमची एकच आग्रहाची सूचना आहे. ठिबकला व शेततळ्याच्या कागदाला अनुदान देताना मालाचे प्रमाणचिन्ह पाहिले जाते. त्याचबरोबर जुना माल परत घेण्याची हमीही विक्रेत्याकडून घेतली जावी. दुसऱ्यांदा अनुदान मागणाऱ्या शेतकऱ्याने जुनी नळी जमा केल्याची पावती जोडावी, आणि त्या पावतीवर त्याला काही सूट मिळावी. जो पैसा नळी अंथरण्यासाठी दिला जातो, त्यातील अल्प अंश ती उचलण्यासाठी राखून ठेवणे हा उधळेपणा नव्हे.

ही व्यवस्था होईपर्यंत शेतकरी बंधू-भगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. बाग काढण्यापूर्वी नळ्या काढाव्यात. नांगरट नंतर करावी. नळीच्या तोट्या व तारा काढून, झटकून, तिची वेटोळी बांधून सावलीत ठेवावी. पीव्हीसी, नळी व कागद यांचे ढीग वेगळे करावेत. मल्चिंगचा कागद माती कोरडी असताना व फाटण्यापूर्वी गुंडाळावा. औषधांच्या बाटल्या मात्र या मालात कदापि मिसळू नयेत. फवारणीच्या वेळीच त्या तीनदा विसळून पाणी पंपात ओतावे व बाटल्या निराळ्या ठेवाव्यात. आणि कोणतेही प्लास्टिक बांधावर पेटवू नये. पीव्हीसीचा धूर तर अत्यंत विषारी असतो, आणि तो प्रथम आपल्याच मुलाबाळांच्या नाकातोंडात जातो.

खरेदीच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. जुन्या दाण्याची नळी काळीच असते आणि नवीही काळीच असते. डोळ्यांना भेद कळत नाही. दाबाखाली पाणी वाहून नेणाऱ्या नळीसाठी भारतीय मानक चिन्ह असलेलाच माल घ्यावा. जुन्या दाण्याचे स्थान क्रेटमध्ये, बादलीत, दोरात आहे. फळधरणीच्या वेळी फुटणाऱ्या नळीत नव्हे. पुनर्प्रक्रियेच्या धंद्याची पत वाढावयाची असेल, तर त्याचा माल योग्य ठिकाणी वापरला जाणे अगत्याचे आहे.

सोलापूरच्या शेतकऱ्याने पाण्याचा हिशेब शिकून घेतला, तो कोणी सक्ती केली म्हणून नव्हे, तर दुष्काळाने शिकविले म्हणून. मातीने हाच हिशेब आपल्याला शिकवावा, इतकी वाट पाहण्याची वेळ येऊ नये. ज्या नळीने बाग जगविली ती बांधावर कुजत नाही, आणि हीच तिची अडचण आहे. ती उचलून योग्य हाती देणे हे बागाइतीचे शेवटचे काम समजावे. ते काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीशी समाजाने, विकणाऱ्याने आणि शासनाने उभे राहावे.